छबिलीचं पाणी

सावळाराम विशेने विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि तिला कुलूप ठोकलं, तेव्हा गावात कारण सांगितलं, "पोरं वाकून बघतात. एखादं पडंल." गावाने मान डोलावली. पडण्याजोगी पोरं त्या बाजूला फिरकत नव्हती हे गावाला ठाऊक होतं आणि कुलूप कोणासाठी आहे हेही ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या भावकीत नाक खुपसायला उन्हाळ्यात कोणाला सवड असते?

चावी त्याने करगोट्याला बांधली. भेंडी तोडायला वाकला की ती पोटाला टोचायची. मग तो एक हात कमरेला लावून ती बाजूला सारायचा आणि पुन्हा वाकायचा. करगोटा सैल करावा हे काही त्याला सुचलं नाही. सावळारामचं सगळंच असं. जे टोचतं ते जवळ बाळगायचं आणि वर अंगाला चिकटवून ठेवायचं.

विहीर दोन भावांनी मिळून खणलेली. सावळाराम आणि धाकटा काळूराम. पहार, घण, सुरुंगाचा धूर, सगळं दोघांनी अर्धं अर्धं घेतलं. काळूरामची बायको भिमी तेव्हा नवी नवरी होती. गाळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन ती शिडीने वर यायची आणि केसांतून चिखल ओघळायचा. पुढे वाटण्या झाल्या, विहीर सावळारामच्या वाट्याच्या जमिनीत गेली. पाणी मात्र दोघांचं असं चार माणसांसमोर बोलणं झालं होतं. काळूराम होता तोवर ते बोलणं टिकलं. तो गेला, आणि मागल्या वर्षी भिमीच्या शेळ्या सावळारामच्या भेंडीत शिरल्या.

शेळ्यांनी शेंडे खाल्ले. सावळाराम रागाने लाल झाला. भिमी विहिरीवर होती, भरलेला हंडा तिच्या कमरेवर होता, आजूबाजूला चार बाया होत्या. त्यांच्यासमोर त्याने बोलून घेतलं, "यापुढं पानी पायजे आसंल तर मागून न्यायचं. काय समजलीस?"

भिमीने हंडा विहिरीच्या तोंडावर धरला आणि पाणी सगळं परत आत ओतून दिलं. खालून आवाज आला. मग रिकामा हंडा घेऊन ती गेली.

मग विहिरीवर ती जाळी बसली. त्यानंतर भिमी मागायला आली नाही. आणि हा द्यायला गेला नाही.

यंदा उन्हाळा जबर पडला. शहापूरच्या पोटात एवढाली धरणं आहेत, पण त्यांचं पाणी जन्मतःच मुंबईला दिलेलं. गावाला टँकर. तो हायवेच्या फाट्यावर थांबायचा, यायचा तेव्हा यायचा. भिमी डोक्यावर दोन हंडे घेऊन सावळारामच्या बांधावरूनच जायची, कारण वाट तीच. तो भेंडीत वाकलेला असायचा. ती गेली की चावी टोचायची.

भेंडी तोडणं सोपं नाही. पहाटेच्या गारव्यातच तोडावी लागते, एक दिवस सोडला तर ती जून होऊन बसते. अंगावर फुल बाह्यांचा सदरा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी लव मनगटात शिरते आणि दिवसभर खाज जात नाही. सावळाराम आणि त्याची बायको सकुबाई अशी दोघं सरी सरीने पुढे सरकायची. विहिरीचा झरा आता बारीक झाला होता. पंप थोडा वेळ चालला की खळखळ करून हवा ओढायचा. मग तो बंद करायचा, झरा भरू द्यायचा, पुन्हा सुरू करायचा. त्या पाण्यावर भेंडी कशीबशी तगून होती.

"भिमी गेली बगा," सकुबाई एका सकाळी म्हणाली.

"जाऊ दे."

"टँकर आला नाय काल. आज पन यायचा नेम नाय."

"मंग मागावं. तोंड हाय ना?"

सकुबाईने हातातली भेंडी क्रेटमध्ये टाकली. "तोंड तुमाला पन हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या सरीला गेली.

त्याच दिवशी तेजासिंग आला.

तेजासिंगचा ढाबा खर्डीच्या अलीकडे, हायवेला लागून. फेटा, पांढरी दाढी, हातात कडं. नवं गिऱ्हाईक त्याला हटकून विचारायचं, "सरदारजी, पंजाब में कहाँ से?" तो उत्तर द्यायचा ते अस्सल मराठीत. "पंजाब म्या दोनदा बगितला भाऊ, फिरायला गेल्तो तवा. आमचं नांदेड." निजामाच्या काळी लाहोराकडून फौज आली, तिच्याबरोबर त्याचे पूर्वज आले आणि गोदावरीच्या काठी राहून गेले. घरात गुरुमुखी वाचायची आणि भांडायचं मराठवाड्याच्या मराठीत, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

दर ज्येष्ठात एक दिवस तो ढाब्यापुढे छबील लावायचा. मोठाल्या पातेल्यांत पाणी, दूध, साखर, गुलाबाचं सरबत, वर बर्फाच्या लाद्या. रस्त्याने जाईल त्याला थांबवून पाजायचं. ढाब्याची चूल त्या दिवशी बंद.

तो बांधावर उकिडवा बसला. "काका, बोर आटला बगा आमचा. ढाब्याला कसं बी भागवायलो, पण छबिलीला पाणी नाही. बापाच्या वक्तापासून कधी चुकली नाही. तुमच्या विहिरीचं एक टाकीभर मिळालं तर बरं व्हईल."

सावळाराम ताठ झाला. हायवेवरचा माणूस, फेटेवाला, गाड्या ज्याच्या दारात थांबतात, तो आपल्या बांधावर बसून आपल्याकडे पाणी मागतो आहे. असं कोणी मागितलं की द्यायला मजा येते. त्याने लगेच करगोट्याला हात घातला.

"टाकी काय, दोन न्या! पुन्याचं काम हाय."

"एक बास झालं," तेजासिंग म्हणाला. "पण एक रीत हाय आमची. पाणी दिलं की माणसानं सेवेलाबी यावं. येताव का?"

"येनार म्हंजे? येनारच!"

तेजासिंग गेल्यावर सकुबाई क्रेट उचलत म्हणाली, "भिमीला कळशीभर नाय, आनि रस्त्याला टाकीभर."

"ती मागत नाय!"

"नाय मागत," ती म्हणाली. "आनि त्या दिवशी भेंडीला पानी कुठून घालनार?"

"एक दिस काय मरत नाय भेंडी." हेच वाक्य आपण भिमीच्या हंड्याबाबत वर्षभरात एकदाही बोललो नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. माणूस स्वतःवर खूश असला की असलं काही ध्यानात येत नसतं.

तो इतका खूश होता की शहापूरला जाऊन फ्लेक्स छापून आणला. "थंडगार सरबत. सौजन्य : श्री. सावळाराम विशे." शेजारी त्याचा फोटो, एका भाच्याच्या लग्नातला, डोक्याला फेटा बांधलेला. फेटेवाल्यांच्या कार्यक्रमात फेट्यातला फोटो बरा, असा त्याचा हिशेब.

छबिलीच्या सकाळी टेम्पोतून टाकी गेली आणि मागोमाग काखेत फ्लेक्सची गुंडाळी मारून सावळाराम गेला. तेजासिंगने गुंडाळी उलगडली. वाचली. दाढीत काहीतरी हललं, पण हसला नाही.

"लई चांगलं केलं काका. सावलीच नव्हती." त्याने पोरांकडून फ्लेक्सची चारी टोकं बांबूंना बांधून घेतली. छत झालं. छापलेली बाजू आभाळाकडे.

"अरे, पन नाव…"

"नाव नसतंय लावायचं ह्याच्यात," तेजासिंग शांतपणे म्हणाला. "माझ्या बापाचंबी नव्हतं."

झालं. दिवसभर सावळारामचा फोटो वर उन्हात तापत राहिला आणि त्याच्या सावलीत पातेली गार राहिली.

चपला काढायच्या, डोकं झाकायचं. सावळारामने पंचा डोक्याला गुंडाळला. तेजासिंगने हात जोडून अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, केली. शब्द सावळारामला कळले नाहीत, पण सगळे उभे होते म्हणून तोही हात जोडून उभा राहिला. मग त्याच्या हातात स्टीलच्या गिलासांचं ताट आलं.

"कसं करायचं?" त्याने विचारलं.

"कोण हाय ते बगायचं नाही. हात पुढं आला की गिलास. आणि मागायच्या आधी द्यायचं. मागायला लावलं तर मग छबील कशाची?"

ट्रक थांबले, एस.टी. थांबली, गाड्यांच्या काचा खाली झाल्या. सावळाराम गाड्यांकडे पळायचा. गाडीतल्या बाईने "थँक्यू काका" म्हटलं की त्याची छाती दोन बोटं फुगायची. मग डोंगराकडच्या पाड्यावरची जना लाकडाची मोळी घेऊन आली. मोळी रस्त्याकडेला टेकवून तिने जुन्या सवयीने ओंजळ पुढे केली. सावळारामनेही जुन्या सवयीने गिलास उंच धरला आणि वरून धार सोडली. सरबत तिच्या कोपरांवरून खाली गळलं.

तेजासिंग जवळ आला. आवाज न चढवता म्हणाला, "काका, हातात द्यायचा. वरून नाही ओतायचं."

सावळारामचे कान तापले. दोन ड्रायव्हर बघत होते. त्याने दुसरा गिलास उचलला आणि जनाच्या हातात दिला. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. ती गिलासाला तोंड लावून प्यायली, मान वर करून, डोळे मिटून, आणि रिकामा गिलास परत देताना म्हणाली, "आजून हाय का?"

"हाय की," सावळाराम म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं, कारण ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

दुपार चढली. डांबर मऊ झालं, गाड्या कमी झाल्या. अनवाणी पायांचे तळवे भाजत होते. सावळाराम पातेल्यापाशी टेकला आणि त्याने विचारलं, "सरदारजी, हे ह्याच दिसांत का करता? जरा थंडीत केलात तर बर्फ तरी कमी लागंल."

तेजासिंग बर्फ फोडत होता. "आमचे पाचवे गुरू, अर्जनदेवजी. चारशे वर्षं झाली. लाहोरात बादशहाच्या माणसांनी त्यांना पकडलं. असाच ज्येष्ठ व्हता. तापल्या तव्यावर बसवलं आणि डोक्यावर गरम वाळू ओतली. त्यांच्या तोंडातून शिवी आली नाही, शाप आला नाही. म्हणून ह्या दिवसांत आमी थंड पाणी पाजतो."

"कोनाला? तुमच्या लोकांना?"

"जो जाईल त्याला."

"आनि तापवनाऱ्याच्या घरचा आला तर?"

"त्याला काय तहान नसती का, काका?"

सावळारामने पंचाने तोंड पुसलं. ज्याला वाळू ओतली त्याची माणसं चारशे वर्षं पाणी वाटत आहेत. बरं. मग वाळू ओतणाऱ्यांची माणसं काय करतात? त्याने रस्त्याकडे पाहिलं, आणि भिमी दिसली.

ती फाट्याकडून येत होती. दोन्ही हंडे डोक्यावर, एकात एक घातलेले. म्हणजे रिकामे. टँकर आला नव्हता. ती रस्त्याच्या पलीकडे थांबली, हंडे खाली घेतले आणि पदराने मान पुसली. उन्हात ती अगदी बारीक दिसत होती. भाऊ गेल्यापासून आपण तिच्याकडे नीट पाहिलेलंच नाही, हे सावळारामला तेव्हा कळलं. तो पातेल्याकडे तोंड करून उगाच पळीने बर्फ ढवळू लागला.

"काका," तेजासिंग म्हणाला, "ती माय उन्हात उभी हाय. जावा."

"दुसऱ्या कोनाला…"

"ताट तुमच्याजवळ हाय."

सावळारामने ताट उचललं आणि रस्ता ओलांडला. तळवे भाजले ते त्याला कळलंच नाही. त्याने ताट पुढे केलं. भिमीने गिलासांकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्यावरच्या पंचाकडे, मग अनवाणी पायांकडे.

"कुठलं पानी हे, भावजी?"

"छबिलीचं."

"ते दिसतंय. कुठून आनलं?"

पलीकडून ड्रायव्हर ओरडला, "ले लो मौसी, ठंडा है!" सावळारामच्या गिलासांवरून थेंब ओघळत होते. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण टाकी कुठून आली हे रोज बांधावरून जाणाऱ्या बाईपासून कसं लपणार?

"विहिरीचं," तो म्हणाला.

"मंग मला का देता? माज्याच घरचं पानी मला पाहुनीसारकं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी तर मागितलं पन नाय."

"हितं मागायला लागत नाय," सावळाराम म्हणाला. सकाळपासून दहा जणांना त्याने हेच ऐकवलं होतं, तसंच ते तोंडातून निघालं.

"हितं लागत नाय," भिमी म्हणाली. "तिथं लागतं."

ताट धरून सावळारामचे हात भरून आले होते, पण खाली ठेवायचं कुठे तेही सुचेना. तो नुसता उभा राहिला, भर रस्त्यात, भावाच्या बायकोपुढे, लाज वाटत. आणि लाज वाटली की तो नेहमी ओरडायचा, तसा या वेळी ओरडला नाही.

भिमीने गिलास घेतला नाही. हंडे उचलले आणि रस्ता ओलांडून सरळ तेजासिंगपुढे जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर ओढून घेतला, पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"सरदारजी, ह्या विहिरीतला गाळ मी माज्या डोक्यावरनं काढलाय. माज्या घरधन्यानं आर्धी खनलीय ती. पानी प्यायचं नाय मला. वाटायला घ्याल का?"

तेजासिंगने एकदा सावळारामकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यात घ्यायचं काय, माय? हात धुवून घ्या आणि लागा. काका, हातावर पाणी घाला ह्यांच्या."

मागोमाग आलेल्या सावळारामने ताट ठेवलं आणि तांब्या भरला. भिमीने दोन्ही हात पुढे केले. भेगा पडलेले, हंड्याच्या काठाने अंगठ्यापाशी घट्टे पडलेले हात. त्याने पाणी सोडलं. वरून ओतायचं नाही असं सकाळी सांगितलं होतं, म्हणून तांब्या अगदी हातांपाशी नेला. तिने हात चोळून चोळून धुतले, सावकाश, घाई न करता. तो घालत राहिला. तांब्या संपला, त्याने दुसरा भरला.

मग दोघांनी वाटलं. ती ट्रकवाल्यांना, तो एस.टी.ला. ती पळत नव्हती, पण तिचं ताट आधी रिकामं व्हायचं. एकदा पातेल्यापाशी दोघं एकदमच आली, तेव्हा त्याने बाजूला होऊन तिला आधी भरू दिलं. एवढंच.

ऊन कलल्यावर गर्दी ओसरली. राखेने आणि काथ्याने गिलास घासायचे होते. सावळारामने कोणी न सांगता बैठक मारली. लोकांच्या तोंडचे गिलास त्याने आयुष्यात कधी घासले नव्हते, घरचेसुद्धा. सकुबाईने पाहिलं असतं तर तिला चक्कर आली असती.

सेवेकऱ्यांनी शेवटी प्यायचं, अशी तिथली रीत. पातेल्यात तळाशी थोडं उरलं होतं. तेजासिंगच्या बायकोने पळी भिमीच्या हातात दिली. भिमीने एकेकाला दिलं आणि सावळारामपुढे आली. त्याने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती.

"जरासं दे गो…" तो म्हणू लागला.

"मागू नका, भावजी," भिमी म्हणाली. "हात पुढं करा."

त्याने राख लागलेला हात पुढे केला. तिने गिलास त्यात ठेवला. तो प्यायला, आणि पिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचा होताच डोक्याला, त्याने तोंड पुसल्यासारखं केलं. मग तिने स्वतःसाठी गिलास भरला आणि तीही प्यायली.

घरी जाताना तो वाटेत विहिरीवर थांबला. करगोट्याची गाठ घट्ट बसली होती, सुटेना, हिसका देऊन तोडली. कुलूप काढलं. जाळी एकट्याने उचलण्याजोगी नव्हती, पण उचलली, आणि कंबर धरून आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवली. सकुबाई दारात उभी राहून बघत होती. तिने कंबर शेकायला विटेचा तुकडा चुलीत टाकला.

गावात त्याने सांगितलं, "जाळी गंजली होती." गावाने पुन्हा मान डोलावली. जाळीला होळीच्या सुमारास हिरवा रंग दिलेला सगळ्यांनी पाहिला होता.

फ्लेक्स तेजासिंगने भिमीला देऊन टाकला, शेळ्यांच्या गोठ्यावर घालायला. तिने फोटोची बाजू आत घेतली. ज्या शेळ्यांनी भेंडी खाल्ली होती, त्या आता फेट्यातल्या सावळारामखाली रवंथ करत बसतात.

झरा काही मोठा झाला नव्हता. दोन घरांना पुरवायचं तर भेंडीचं कमी करावं लागणार होतं. सावळारामने रस्त्याकडच्या सऱ्यांचा पाट मातीने बुजवला. चांगल्या धरलेल्या सऱ्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी माना टाकल्या. सकुबाईने विचारलं, तर म्हणाला, "जून झाली होती ती." पण त्या सऱ्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला, आणि त्याला वाईट वाटलं.

पहाटे तो भेंडीत वाकला होता. पोटाला काही टोचत नव्हतं. विहिरीवर रहाट कुरकुरला, हंडा पाण्याला लागल्याचा आवाज आला, दोरी वर आली. त्याने मान वर केली नाही. थोड्या वेळाने बांधावरून पावलं गेली, जड, भरलेल्या हंड्यांची.

ऊन लागल्यावर तो विहिरीवर आला. कठड्यावर त्याच्या घरची कळशी भरून ठेवलेली होती, वर गिलास पालथा घातलेला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने गिलास उचलला, थांबला. मग वाकून चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि पाणी प्यायला.